पुण्यात कुमारिका, बेटावर सवाष्ण

लॉंग माउंटन,
९ ऑगस्ट १९५७

श्री. देवराज हरिप्रसाद यांस,

बघा, किती सरळ लिहिलं तुमचं नाव. सिव्हिल झाल्यापासून चार वर्षं मी ते तोंडानं घेतलं नव्हतं. बाबा विचारायचे, "देवराजाचं पत्र आलं का?" आणि मी म्हणायची, त्यांचं नाही आलं. आता पुण्याच्या कोर्टानं लिहून दिलंय की तुम्ही माझे कोणी नाही. बंदी उठली. देवराज, देवराज, देवराज. घेतलं नाव, तेही उखाण्याशिवाय.

पाकीट महिन्याभरापूर्वी पोचलं. आत कोर्टाचा निकाल आणि तुमची चार ओळींची चिठ्ठी. मी रडले का, हे तुम्हांला जाणून घ्यायचं असेल तर नाही. बैठकेत मुलं येऊन बसली होती. बाबांचे डोळे अधू झाल्यापासून संध्याकाळचा मराठीचा वर्ग मीच घेते. मुलांना बाराखडी घालून दिली, घरी आले आणि निकाल पुन्हा वाचला.

निकाल मला पटला. नवल वाटेल तुम्हांला. कोर्ट म्हणतं, होम झाला नाही, सप्तपदी झाली नाही, म्हणजे लग्नच झालं नाही. आमच्या गावातली कुठलीही म्हातारी हेच सांगेल. सिव्हिल म्हणजे काय, पाम्प्लेमूसच्या ऑफिसात जाऊन मोठ्या वहीत सह्या करायच्या आणि नवरीनं आपल्या बापाकडे, नवऱ्यानं आपल्या बापाकडे परत जायचं. खरं लग्न पुढे, मांडव घालून, हळद लावून. इथे सगळे असंच करतात. आपलं सिव्हिल तर नुसतं बोटीसाठी झालं. तुम्हांला पुण्याच्या कॉलेजात जागा मिळाली होती. माझं नाव बायको म्हणून कागदावर असलं तर मागाहून मला पाठवणं सोपं जाईल, असं दोघांच्या बापांनी ठरवलं. सह्या झाल्यावर तिकिटाच्या चौकशीला सगळे पोर्ट लुईला गेलो, आणि तिथल्या बाजारात तुम्ही मला अलूदा पाजलात. दूध, सब्जाचं बी, वर बर्फ. तेवढाच आपला संसार.

पहिल्या सुट्टीत येऊन लग्न करतो म्हणाला होतात. त्या सुट्टीचं काय झालं ते तुम्हांलाच ठाऊक. कोर्टाची नोटीस मात्र निकाल लागून गेल्यावर आमच्या दारात आली. वरातीमागून घोडं. वेळेवर आली असती तरी मी काय बोटीत बसून भांडायला येणार होते?

आता कामाचं. मोका गावचा बलराम म्हणून एक आहे. बस चालवतो, गणपतीत आमच्याकडे झाकरी नाचतात तेव्हा ढोलकी वाजवायला येतो. बायको बाळंतपणात गेली, मूलही वाचलं नाही. त्यानं बाबांकडे मला मागणी घातली आणि मी हो म्हटलं. या खेपेला आधी सिव्हिल नीट करू, म्हणून आम्ही पाम्प्लेमूसला गेलो. कारकुनानं मोठी वही काढली, बोट फिरवलं आणि म्हणाला, बाई, तुमचं लग्न झालेलं आहे. मी पुण्याचा निकाल पुढे केला. मराठीतला कागद तो, त्याला वरची बाजू कुठली तेही कळेना. पण माणूस सभ्य. म्हणाला, परदेशातल्या कोर्टाचा शब्द इथे आपोआप चालत नाही. पोर्ट लुईच्या मोठ्या कोर्टानं त्यावर आपला हुकूम चढवला पाहिजे, मग मी वहीत तसं लिहीन. त्या हुकुमाला एक्झेक्वातूर म्हणतात.

बलराम बाहेर झाडाखाली थांबला होता. मी सांगितलं तेव्हा म्हणाला, "की पू फेर." काय करणार. हे त्याचं नेहमीचंच आहे, बसचं टायर बसलं तरी तेच म्हणतो. त्या दिवशी फार हळू म्हणाला.

तेव्हा एवढं करा. निकालाची शिक्क्याची नक्कल पाठवा, आणि त्यावर अपील झालेलं नाही असा कोर्टाचा दाखला. तुमच्यावर राग नाही. म्हणजे आहे, पण सध्या त्याला वेळ नाही.

चंद्रावती तुलसीराम


लॉंग माउंटन,
१६ मार्च १९५८

देवराज,

नक्कल पोचली, दाखलाही पोचला. वेळेवर पाठवलंत याबद्दल आभार. लग्न केल्याचं कळवलंत, तेही बरं केलंत. सुनयनाबाईंना माझं नाव माहीत आहे का, ते लिहिलं नाहीत. विचारत नाही.

पोर्ट लुईला एक वकील धरला. त्यांना इथे मेत्र म्हणतात. वयस्क गृहस्थ आहेत, काळा कोट कोपरावर विटलेला. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "मादाम की मामझेल?" मी म्हटलं, मेत्र, तेच तर विचारायला आलेय. ते हसले, मग कागद वाचता वाचता हसणं थांबलं.

कोर्टाला निकालाचा इंग्रजी तर्जुमा लागतो, आणि तो शपथेवरच्या दुभाष्यानं केलेला. तमिळचा दुभाषी आहे, हिंदीचा आहे, गुजरातीचा आहे. मराठीचा नाही. मराठीचा खटला या बेटावर कधी कोर्टापर्यंत गेलाच नसावा. आम्ही भांडतो ते देवळाच्या ओट्यावर. मेत्र म्हणाले, तुमच्यात मराठी सगळ्यांत चांगलं कोणाला येतं? मी म्हटलं, माझ्या बापाला. ते म्हणाले, बाप चालायचा नाही.

शेवटी बो बासें गावचे बाबूराव मास्तर तयार झाले. तिथली बैठक तेच चालवतात. कोर्टात जाऊन त्यांनी शपथ घेतली, आणि दर रविवारी कागद काखेत मारून आमच्याकडे येऊ लागले, कारण अडला शब्द की विचारायचं कुणाला, तर बाबांनाच. मी आत चुलीपाशी बसून ऐकायची. बाबूराव वाचायचे, "वादी व प्रतिवादी यांच्यात विवाह झालाच नसल्याने." बाबा अर्थ सांगायचे. ज्या माणसानं माझं सिव्हिल ठरवलं, तोच आंधळ्या डोळ्यांनी एकेक शब्द सोडवून सांगत होता की ते झालंच नाही. एकदा बाबूरावांनी विचारलं, "सप्तपदी" इंग्रजीत कसं लिहू? बाबा म्हणाले, सात पावलं लिही, दुसरं काय लिहिणार.

त्या रविवारी बाबा जेवले नाहीत. मीही फारसा आग्रह केला नाही. तर्जुमा झाला, अर्ज गेला, आता घोंगडं भिजत पडलंय.

तुमचे बाबा बरे आहेत. रस्त्यात दिसतात, पण मला बघितलं की उसाच्या बाजूनं जातात. त्यांना म्हणावं, तसं करू नका. लॉंग माउंटनमध्ये रस्ता एकच आहे.

चंद्रावती


लॉंग माउंटन,
२० नोव्हेंबर १९५९

ज्यांचं नाव घ्यायला मला पुन्हा बंदी झाली, त्यांस,

निकाल लागला. अर्ज फेटाळला. पोर्ट लुईच्या कोर्टाच्या मते मी तुमची बायको आहे.

कसं झालं ते सांगते. न्यायाधीश इंग्रजीत बोलत होते, मेत्र मला मधून मधून इथल्या क्रिओल बोलीत सांगत होते. न्यायाधीशांना आधी सात पावलांचं कळेना. चालत कुठे जातात, असं विचारलं. बाबूराव मास्तर उभे राहून म्हणाले, कुठेच नाही, अग्नीपाशीच. मग त्यांनी विचारलं, निकाल या बाईंच्या विरुद्ध लागलेला आहे ना? आणि ह्याच तो बजावून मागताहेत? मेत्र म्हणाले, होय. न्यायाधीशांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. तुच्छतेनं नाही. आपण एखाद्या वाट चुकलेल्या माणसाकडे बघतो तसं.

मग मला विचारलं, नवऱ्याबरोबर किती काळ राहिलात? मी म्हटलं, अलूदा संपेपर्यंत. मेत्रनी ते भाषांतर करून सांगितलं नाही.

निकालात जे म्हटलंय ते असं. लग्न या बेटावर झालं, इथल्या कायद्यानं, इथल्या अधिकाऱ्यासमोर. नवरा-बायको दोघंही इथली. तेव्हा ते लग्न झालं की नाही हे सांगण्याचा अधिकार पुण्याच्या कोर्टाला नाही. शिवाय नोटीस मला वेळेत मिळाली नव्हती, आणि ज्याला नोटीस नाही त्याच्याविरुद्धचा हुकूम हे कोर्ट बजावत नाही. मी म्हणाले, मेत्र, मला तक्रार नाही ना त्या नोटिशीची. ते म्हणाले, तक्रार तुमची नाही, कायद्याची आहे. कायदा माझी बाजू घेऊन माझ्याशीच भांडत होता. तेलही गेलं, तूपही गेलं.

म्हणजे आता पुण्यात मी कुमारिका आणि बेटावर सवाष्ण. उद्या मुंबईहून बोटीत बसले तर वाटेत कुठेतरी समुद्रातच माझं लग्न लागणार.

मेत्रनी दुसरी वाट सांगितली. इथेच घटस्फोट मागा. नवरा परदेशी दुसऱ्या बाईबरोबर राहतो, एवढं शाबीत केलं की सुटलात. त्या बाईचं नाव मात्र अर्जात घालावं लागेल. मी विचार करते म्हटलं आणि घरी आले, तर टेबलावर तुमचं पत्र. निकालाचा वास तुम्हांला समुद्रापलीकडे कसा लागला कोण जाणे. तुम्ही लिहिता, घटस्फोट मागू नकोस. पहिली बायको जिवंत असताना दुसरं लग्न केलं असं कुठल्याही कोर्टाच्या कागदावर आलं तर कॉलेजातली नोकरी जाईल, पोलीस दारात येतील, सुनयनाला दुसऱ्यांदा दिवस गेलेत.

हे पत्र मी बाबांना वाचून दाखवलं नाही. बाबांचं म्हणणं निराळंच आहे. ज्या पोरीला हळद लागली नाही ती टाकलेली म्हणून कशी मिरवेल, म्हणतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

मी अर्ज करणार नाही. तुमच्यासाठी नाही, गैरसमज नको. ज्या बाईला मी कधी पाहिलं नाही, जी पोटुशी आहे, तिच्या नावापुढे कोर्टात काय लिहितील ते मेत्रनी मला वाचून दाखवलं. तो शब्द माझ्यानं कुणाच्या नावापुढे लिहवणार नाही. बलरामला सांगितलं. त्यानं बस सुरू केली आणि मला घरापर्यंत सोडलं. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

मी थकलेय. कुणावर तरी रागावायचं तर माणूस समोर पाहिजे.

चं.


लॉंग माउंटन, देवळाची शाळा,
२५ मार्च १९६०

तुम्हांला तिकडे पेपरात वाचायला मिळालं असेल. जानेवारीत एक वादळ येऊन गेलं, घराचं छप्पर कसंबसं बांधलं, तोवर फेब्रुवारीच्या शेवटी कॅरोल आलं. आमचं घर आता नाही. भिंती नाहीत, बैठकेचा फळा उसात सापडला. तुमच्या बाबांचं घर दगडी, ते उभं आहे, फक्त पत्रा उडाला. काळजी करू नका. त्यांनी दोन कुटुंबं घरात घेतली आहेत.

आम्ही सगळे देवळाच्या शाळेत राहतोय. बाबा गेले. वादळात नाही, वादळानंतर दोन आठवड्यांनी, छातीत पाणी होऊन. पाऊस आणि वारा सोसला आणि मग कोरड्या जागेत गेले, असं माणसाचं असतं.

जाण्याआधी त्यांनी बलरामला बोलावून घेतलं. तो बस घेऊन मोकाहून आला होता, रस्त्यावरची झाडं तोडत तोडत. बाबांनी माझा हात धरला आणि गावच्या बोलीत म्हणाले,

"चंद्रा, तू बलरामासंगं सात पावलं चाल. बाकीचं काय ते सरकार मोजंल."

तुम्हांला हे का लिहितेय? कारण इथल्या कायद्यानं तुम्ही त्यांचे जावई आहात. जावयाला सासऱ्याची बातमी कळवायची असते.

चं.


मोका,
३ जुलै १९६१

पत्ता बदललाय, बघितलं असेल. वैशाखात देवळात लग्न झालं. होम झाला, अंतरपाट धरला, हळद लागली. बाबूराव मास्तरांनी मंगलाष्टकं म्हटली, घसा बसला तरी थांबले नाहीत. सात पावलं चाललो. मी मोजली नाहीत, बाकी सगळ्यांनी मोजली. उखाण्यात बलरामचं नाव घेतलं, बायकांनी पुन्हा घ्यायला लावलं. कागद कुणी विचारला नाही.

लग्नाला तुमचे बाबा आले नाहीत. नारळ मात्र पाठवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोर्ट लुईला मेत्रना पेढे द्यायला गेलो. त्यांनी पेढा खाल्ला आणि मला कायदा सांगितला. कायद्याच्या डोळ्यांनी मी तुमची बायको आणि परपुरुषाच्या घरात राहते. म्हणजे जो शब्द मी सुनयनाबाईंच्या नावापुढे लिहू दिला नाही, तो आता माझ्याच नावापुढे बसतो.

पण ऐका, यातूनच वाट निघते. आता घटस्फोट तुम्ही मागू शकता. वकीलपत्रावर सही करून मेत्रना पाठवा, एवढंच. अर्ज तुमच्या नावानं होईल, दोष माझा असेल, मी कोर्टात उभी राहून कबूल करीन. सुनयनाबाईंचं नाव कुठे येणार नाही, तुमच्या लग्नाचा विषयच निघणार नाही. तुम्ही अब्रूनं सुटाल, मी नुसती सुटेन. मला पुरे आहे. टाकलेली म्हणून कशी मिरवशील, असं विचारणारे बाबाही आता नाहीत.

बलरामला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, लोकांसमोर तू वाईट का ठरायचं? मी म्हटलं, लोक म्हणजे ते न्यायाधीश आणि एक कारकून. बाकी सगळे तर जेवून गेले.

कागद सोबत जोडलाय. सही कुठे करायची तिथे मेत्रनी पेन्सिलनं फुली मारलीय.

चंद्रावती


मोका,
१२ सप्टेंबर १९६२

चौदा महिने झाले. तुमची सही नाही, उत्तर नाही. भीती वाटते हे कळतं. एकदा सही केली की कुठून काय निघेल, असं वाटत असेल. मलाही वाटतं.

पण आता मला दिवस गेलेत. मूल जन्मायच्या आत तो कागद आला पाहिजे. मेत्र म्हणाले त्याचा अर्थ मी इथे लिहीत नाही. फुली अजून तिथेच असेल. सही करा.

चं.


मोका,
१७ फेब्रुवारी १९६३

तुम्हांला मुलगी झाली.

असंच लिहावं लागतं, मी काय करू. गेल्या महिन्यात बाळंत झाले. पोर चांगली आहे, केस दाट आहेत, रडते मोठ्यानं. बाळंतपणाला मी लॉंग माउंटनला मावशीकडे होते, म्हणून जन्म लिहायला बलराम पाम्प्लेमूसलाच गेला. अंगावर धुतलेला सदरा, खिशात पेढे. टेबलामागे तोच कारकून. आता केस पिकलेत त्याचे. आईचं नाव ऐकल्यावर त्यानं मान वर केली, जुनी वही काढली. त्याला आम्ही आठवत होतो. म्हणाला, मला वाईट वाटतं, पण बाई लग्नाची असेल तर मूल नवऱ्याचं, असा कायदा आहे. नवरा पुण्याला आणि मध्ये सगळा समुद्र, तरीही. बलराम म्हणाला, बाप मी आहे, पोर माझ्या तोंडासारखी आहे, येऊन बघा. कारकून म्हणाला, मी बघितलं तरी वही बघत नाही.

इंद्राणी हरिप्रसाद, असं लिहिलं. या बेटावर आजोबाचं नाव तेच आडनाव होऊन बसतं, तुम्हांला माहीत आहे.

बलराम मला आणि पोरीला घेऊन मोकाला परतला, पेढे तसेच खिशात. कागद फळीवर ठेवला आणि बस धुवायला गेला. धुतलेलीच बस पुन्हा धुतली. दोन दिवस तो जेवणही बसमध्येच घेऊन गेला. मुलीशी बोलायचा, पण खालच्या आवाजात, चोरून आल्यासारखा. मला त्याचा राग आला नाही. तुमचा आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट, पोटातून आला. एक सही, देवराज. बघा, नावही घेतलं. कोर्टानं पाहिजे ते म्हणावं.

मेत्रकडे गेलो तर ते म्हणाले, हे मूल आपलं नाही असं म्हणण्याचा हक्क फक्त नवऱ्याला आहे. आईला नाही, खऱ्या बापाला तर मुळीच नाही. नवरा परदेशी असेल तर तो बेटावर परत आल्यापासून दोन महिन्यांची मुदत. आणि परत आलाच नाही तर? तर मुदत सुरूच होत नाही, म्हणाले. दूर राहूनही वकीलपत्र पाठवून नाकारता येईल, पण ते त्यांच्या मनावर.

मग बारसं झालं. अंगणात पाळणा बांधला होता, बायका जमल्या होत्या. मला वाटलं होतं बलराम कामाचं निमित्त करून निघून जाईल, पण तो दारात उभा होता. तेवढ्यात रस्त्यावरून तुमचे बाबा आले. बोलावणं नव्हतं. अंगात तोच कोट, आपल्या सिव्हिलच्या दिवशी घातलेला, आता खांद्यावर लोंबणारा. उसाच्या बाजूनं नाही, रस्त्याच्या मधून चालत आले. बायकांची कुजबुज थांबली. ते फाटकाशी थांबले आणि आत यावं की नको हे त्यांना कळेना.

बलराम पुढे गेला. म्हणाला, "आत या, काका. नाव तुमचंच लागलंय."

म्हातारा पाळण्यापाशी वाकला. सगळ्यांना माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे, पोर कुणाची ते. खिशातून रुमाल काढला, रुमालातून काळ्या मण्यांच्या मनगट्या. तुमच्या आहेत, तुम्ही तान्हे असताना हातात होत्या त्या. तुमच्या आईनं जपून ठेवल्या होत्या, तुमच्या मुलांसाठी. तुमची दोन मुलं त्यांनी फोटोतही एकदाच पाहिलीत. मनगट्यांची गाठ त्यांना जमेना, ती बलरामनं मारली.

मग म्हणाले, "सरकारानं दिलेली नात हाय. मी नाय कसा म्हनू?"

मी पदर तोंडाला लावून आत गेले. रडले. पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, रडले नाही म्हणून. ते आता फिटलं.

तेव्हापासून ते रोज येतात. लॉंग माउंटनहून बलरामच्याच बसमधून उतरतात, व्हरांड्यात बसतात, पोरीला मांडीवर घेऊन तुमच्या लहानपणीच्या गोष्टी सांगतात. बलराम संध्याकाळी त्यांना परत सोडतो. दोघं फार बोलत नाहीत. फळीवरच्या कागदाकडे बलराम अजून बघत नाही, पण परवा म्हाताऱ्याला बसच्या पायरीवरून उतरवताना त्यानं दंडाला धरलं होतं, ते मी पाहिलं.

आता तुम्ही काय करायचं ते विचाराल. बलरामला त्याचं नाव पाहिजे. तुमच्या बाबांना नात पाहिजे. मला झोप पाहिजे. तुम्ही तिकडून वकीलपत्र पाठवलंत तर मी अडवणार नाही, तो बलरामचा हक्कच आहे. पण ते कागद मी आता मागत नाही. कागद मागून मागून माझी वाचा संपली.

माझं मागणं एवढंच. पोरीला नाकारायचंच असेल तर इथे या. तुमच्या बाबांच्या मांडीवर ती बसलेली असेल, हातात तुमच्या मनगट्या असतील. तिला बघा, त्यांना बघा, मग मेत्रकडे जाऊन पाहिजे ते लिहा. घटस्फोटही तेव्हाच उरकू. सुनयनाबाईंना सांगून या, लपून येऊ नका. दोन महिने मुदत आहे. म्हाताऱ्याला तेवढे तरी मिळतील.

बंदरावर उतरलात की बाजारापाशी मोकाची बस लागते. हल्ली तीही बलरामच चालवतो. त्यानं तुम्हांला कधी पाहिलेलं नाही. नाव सांगा, ते त्याला पाठ आहे.

चंद्रावती